साडेपाच चौसष्टांश

गळाची काठी स्वतः बांधतो म्हटलं की सांगलीत लोक किंमत सरळ विचारत नाहीत. आधी "किती फुटी हाय?" मग "फोल्डिंग हाय का?" आणि मग आभाळाकडं बघत, जाता जाता, "ह्यात एखादी जुनी लूना आली असती की."

बाजारात हजार-दीड हजारात तयार काठी मिळते, वर रीळही देतात. त्या काठीला मासा लागतो. हे मला माहीत आहे, तरी रविवार आला की कुणीतरी ते नव्यानं सांगून जातं. पण तयार काठी कुठल्यातरी कारखान्यात सरासरी हाताच्या सरासरी माणसासाठी, सरासरी नदी डोळ्यांपुढं ठेवून केलेली असते. कृष्णा सरासरी नाही. हरिपूरच्या संगमाच्या अलीकडं-पलीकडं, जलपर्णीच्या कडेला मरळ बसलेली असते. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळं ती कुठं आहे हे आपल्याला कळतं. आणि काठावर पाय आपटला की आपण कुठं आहोत हे तिला कळतं. आमिष म्हणून टाकलेल्या रबरी बेडकावर झडप घातली, गळ रुतला, की ती थेट मुळांत शिरते. तिथून तिला उपसायला लवलवती काठी चालत नाही. ताठ हवी, पण शेंड्याला बेडूक नाचवता येईल इतकी नरमही हवी. एवढीच माझी अपेक्षा. ती पुरी करायला जपानपासून पोर्तुगालपर्यंतचा माल लागतो, यात माझा काय दोष?

सुरुवात ब्लँकपासून. ब्लँक म्हणजे नुसती निमुळती नळी. ना कडी, ना मूठ. राळ भरलेलं कार्बनचं कापड पोलादी सळईवर गुंडाळून भट्टीत भाजतात. सळई ओढून काढली की उरतो तो ब्लँक. त्याच्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, पॉवर आणि ॲक्शन, आणि निम्मं जग दोन्ही एकच समजतं. काठी वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर. ती कुठं वाकते ती ॲक्शन: फास्ट असेल तर शेंड्याकडं, स्लो असेल तर पार मुठीपर्यंत. हे मी मेव्हण्याला चहा पाजून समजावलं. त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे फास्ट काठीनं मासा लवकर लागत नाही?"

त्यात पुन्हा कार्बनचे 24 टन, 30 टन, 40 टन असे आकडे. हे टन वजनाचे नव्हेत, ताठपणाचे. आकडा चढेल तशी काठी हलकी, ताठ आणि नाजूक होत जाते. आज दाराच्या चौकटीवर आपटली तर महिन्यांनी, ऐन मासा लागल्यावर, बरोबर त्याच जागी कडाडते. फायबर ग्लास जड आणि आळशी, पण मार खाऊन कुरकुरत नाही. माझं मत विचाराल तर 30 टनांच्या वर जाणाऱ्यानं आधी घरातल्या पोरांची वयं बघावीत.

लांबी ठरवायच्या परदेशी तक्त्यांत होडीतून की काठावरून एवढंच विचारतात. आमच्या कृष्णेत मगरी आहेत. 'पाण्यापासून किती लांब उभं राहणार' असा रकाना तक्त्यात कुणाला सुचलेला नाही. मी 7 फुटी घेतली. आई म्हणाली, "धा फुटी मिळत नाही का?"

एक गोष्ट मात्र थट्टेत सांगत नाही. कार्बनमधून वीज खेळते. नदीकाठानं शेतीपंपांच्या तारा जिथं डोक्यावर लोंबतात तिथं काठी आडवी धरून चालावं, आणि गळ तर फेकूच नये.

ब्लँक घरी आला की त्याचं स्पाइन शोधायचं. गुंडाळताना कापडाचा एक पदर दुसऱ्यावर चढतो, त्यामुळं नळी एका अंगाला जास्त ताठ होते. बुंधा फरशीवर टेकवून मधे दाब दिला की ब्लँक हातातल्या हातात वळतो आणि एका जागी येऊन थांबतो. तिथं खूण करायची. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढं दोन पंथ. एक म्हणतो, कड्या स्पाइनच्या रेषेतच बांधा, नाहीतर काठी हातात पिळते. दुसरा म्हणतो, स्पाइन विसरा, नळी जिकडून सरळ दिसते तिकडून बांधा. मी दुसऱ्या पंथाचा. काठी हातात घेणारा प्रत्येक माणूस एक डोळा मिटून आधी ती सरळ आहे का हेच बघतो. स्पाइन बघणारा मला अजून भेटायचा आहे.

मग गाइड, म्हणजे दोरी जिच्यातून जाते ती कडी. ढोबळ हिशेब असा की जितके फूट तितक्या कड्या, आणि वर टोकाची एक. रिळावरून दोरी मोठाली वेटोळी घेत सुटते, म्हणून रिळाजवळची कडी मोठी आणि पुढं लहान लहान होत जाते. कडीच्या आत ॲल्युमिनियम ऑक्साइडची नाहीतर सिलिकॉन कार्बाइडची चकती बसवलेली असते. हीच दोन द्रव्यं पॉलिश पेपरवर लावतात. तिथं ती लाकूड खातात, इथं घासून गुळगुळीत केलेली असतात आणि दोरी सांभाळतात. हलक्या कडीला विणलेली दोरी हळूहळू खाच पाडते, आणि मग ती खाच दोरीला कापते. काटकसर करायची तर घरात इतरत्र पुष्कळ जागा आहे.

पण खरी गंमत मापांची. काठी फुटांत. दोरीची ताकद पौंडांत. बेडकाचं वजन ग्रॅममध्ये. कडीचा व्यास मिलिमीटरमध्ये. धाग्याची जाडी ए आणि डी अशा अक्षरांत. टोकाच्या कडीनं तर कहर केला आहे: तिची कडी मिलिमीटरमध्ये आणि तिला जोडलेली नळी इंचाच्या चौसष्टाव्या भागात. पाकिटावर नुसतंच 5.5. कशाचे साडेपाच, ते छापायला जागा पुरली नसावी. विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, साडेपाच म्हणजे साडेपाचच."

आमच्या शेजारचे आप्पा हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून तोंडपाठ. ते गॅलरीतून हे सगळं ऐकत होते.

"रुपयाचे पैसे किती?" त्यांनी वरूनच विचारलं.

"शंभर."

"ते 1957 पासनं. त्याच्या आधी चौसष्ट. तुझा इंच म्हणजे रुपया धर. साडेपाच पैसे म्हणजे एक आणा आणि वर दीड पैसा."

"आप्पा, मला जाडी पाहिजे."

"तेच सांगायलोय की. इंचाची आठ सुतं. आठ पैशाला एक सूत. सहा पैसे म्हणजे पाऊण सूत. तुझी नळी पाऊण सुताला अर्धा पैसा कमी."

मी मोबाइलवर हिशेब केला. 2.18 मिलिमीटर. ब्लँकच्या शेंड्याला घट्ट बसली. त्या दिवसापासून आप्पा स्वतःला या कामाचे तांत्रिक सल्लागार समजतात आणि संध्याकाळी चहाच्या वेळी न चुकता पाहणीला येतात.

मुठीवर फार बोलत नाही. एक तर बूच, नाहीतर ईव्हीए फोम. बूच म्हणजे कॉर्क ओकची साल. झाड न तोडता साधारण दर 9 वर्षांनी सोलून काढतात, आणि सगळ्यांत जास्त पोर्तुगालमध्ये. दिसायला देखणं, पण चांगल्या प्रतीचं महाग, आणि हलक्या प्रतीला इतके खड्डे की ते बुचाचाच भुसा गोंदात कालवून बुजवावे लागतात. फोम भिजला तर पुसायचा, झालं. मी फोम घेतला आणि मोठ्या उत्साहात बायकोला सांगितलं की स्लिपरचे तळही याचेच करतात. ती पतसंस्थेत हिशेब बघते. ती म्हणाली, "म्हणजे एवढे पैसे घालून चप्पल हातात घेऊन उभं राहायचं."

कड्या ब्लँकवर चिकटवत नाहीत, धाग्यानं बांधतात. धागा हवा नायलॉनचा. तो घ्यायला मी ब्लँक घेऊन गणपती पेठेतल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेलो. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "पीस आणलाय का?" मी सात फुटी नळी पुढं केली. तो कसलेला माणूस, न दचकता नळी घेऊन दाराबाहेर उजेडात गेला, तिरकी करून बघितली आणि म्हणाला, "ह्याच्यावर मोरपंखी उठंल. नाहीतर मरून." मी धाग्याची टोकं बाटलीतल्या पाण्यात भिजवून बघायला लागलो. बांधून झाल्यावर वरून इपॉक्सीचा, म्हणजे चकचकीत राळेचा, लेप देतात; साधा नायलॉन धागा त्याखाली गडद पडतो, फिकट रंग तर पार पारदर्शक होऊन जातात. ओला केला की पुढं काय होणार याचा अंदाज येतो. शेजारी फॉलचं कापड निवडत असलेल्या बाईंनी ते पाहिलं. "रंग जातोय व्हय ह्यांचा?" असं म्हणून त्यांनी हातातलं सगळं काउंटरवर परत ठेवलं. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघी उठल्या. मोरपंखी धागा मला मिळाला, पण त्या दुकानात माझं आता फारसं स्वागत होत नाही.

बांधायचं तंत्र सांगायला सोपं. धाग्याचं टोक धाग्याच्याच वेढ्याखाली दाबायचं, वेढ्याला वेढा चिकटवत कडीच्या पायावर चढायचं, शेवटी आधीच अडकवून ठेवलेल्या फासातून टोक ओढून आत घ्यायचं. गाठ कुठंच नाही. ताण मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा हवा, आणि तो माणसाच्या हातात असावा लागतो. असे हात मिरजेत आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, दोऱ्यानंच बांधलेले असतात. मी नळी घेऊन सतारमेकर गल्ली गाठली.

तिथल्या एका वयस्क कारागिरानं, सगळे त्यांना चाचा म्हणतात, नळी हातात घेतली, बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि कानाला लावली.

"आवाज नाही हिला."

"चाचा, ही मासे धरायची आहे."

"असू द्या की. पोकळ आहे म्हणजे बोलायला पाहिजे." मग त्यांनी कडी बघितली. "ह्या सरकवायच्या का पक्क्या?"

"पक्क्या."

"मग जागा चुकली तर?" सतारीचा पडदा सुरासाठी वरखाली करता येतो; जन्मभर एकाच जागी बसणारा पडदा त्यांना पटेना. "आधी नुसत्या अडकवा. वाकवून बघा. सरकवा. मन भरलं की बांधा."

हेच परदेशी कारागीरही सांगतात. कड्या आधी चिकटपट्टीनं लावतात, दोरी ओवून टोकाला वजन टांगतात आणि दोरी ब्लँकच्या वाकाबरोबर जाते की मधेच सुटून कोन करते ते बघतात. चाचांनी ते चहा यायच्या आत सांगितलं. मग मांडी घालून पहिली कडी स्वतः बांधली. त्यांच्या वेढ्यांत नख शिरत नव्हतं.

आता उरलं इपॉक्सी. दोन बाटल्या, दोन्हींतला द्रव मोजून सारखा घ्यायचा; एकात थेंबभर कमीजास्त झालं तर लेप आठवडाभर चिकटच राहतो. त्यासाठी सिरिंज लागतात. औषधाच्या दुकानात "सुई नको, नुसत्या सिरिंज द्या, मोठ्या" म्हटलं की दुकानदार आधी तुमच्या कोपराच्या खोबणीकडं बघतो. लेप लावल्यावर त्यातले बुडबुडे स्ट्रॉनं हळूच फुंकर घालून फोडायचे, आणि मग काठी आडवी ठेवून तासन् तास सावकाश फिरवत राहायची. थांबली की लेप ओघळून खाली पोट धरतो. फिरवायचं यंत्र विकत मिळतं. परंतु ज्या गावात गणपतीच्या देखाव्यावर एवढं डोकं चालतं, तिथं ते विकत घेणं म्हणजे गावाचा अपमान. मूर्तीमागचं चक्र फिरवायची मोटर माळ्यावर होती. मिनिटाला पाच-सहा फेरे, अगदी हवे तेवढे. काठी तिच्यावर चढवली. गल्लीतली पोरं खिडकीला लागून विचारू लागली, "यंदा एवढ्या लवकर बसवला?"

लेप लावून तासही झाला नव्हता तोवर लाइट गेली.

आता काठी हातानं फिरवणं आलं. पाव फेरा, थांबा, पाव फेरा, थांबा. मी, मग मेव्हणा, मग आई. बायको टॉर्च धरून बसली आणि कुणी उलटा फेरा दिला की तेवढं सांगत होती. अंधारात घड्याळ दिसेना, तेव्हा आप्पांनी वेळ धरायला औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा, म्हणायला सुरुवात केली. चौदा आलं की पाव फेरा, अठ्ठावीस आलं की पाव फेरा. पस्तीसला त्यांची साखळी संपायची आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शेजारच्या खोलीतून मुलगा ओरडला, "आई, आजी कुणाची पूजा करायल्या?" लाइट आली तेव्हा मोटरीनं काम हाती घेतलं, पण आप्पा दोन चौदा पुढंपर्यंत थांबले नाहीत.

काठी उत्तम झाली. मोरपंखी धागा उन्हात खरंच उठतो. मरळीनं अजून दखल घेतलेली नाही, तो तिचा प्रश्न.

परवा चाचांचा फोन आला. काठी कशी झाली ते विचारलं, आणि म्हणाले, "मला पण एक बांधा. जुम्म्याला संध्याकाळी मोकळाच असतो."

मी वही उघडली. लांबी किती? रीळ वर बसणारं की खाली लोंबणारं? पॉवर मीडियम की हेवी? वाकायला शेंड्याला हवी की मधे? कार्बन की ग्लास? बूच की फोम? मुठीपासून कोपरापर्यंत किती इंच?

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मागं कुणीतरी तारा जुळवत होतं.

"साहेब," चाचा म्हणाले, "सतार घ्यायला येतात त्यांना मी दोनच गोष्टी विचारतो. वाजवता येतं का, आणि पैसे आणलेत का."

मी दोन्ही प्रश्न वहीत उतरवून घेतले, ॲक्शनच्या खाली.