मालक नसलेला काउंटर

जळगावला किंवा धुळ्याला फोन लावला की कापसाचा आणि केळीचा भाव विचारून झाल्यावर अलीकडे एक वाद हमखास निघतो. एका बाजूचे म्हणणे असे की आपल्याकडचे किराणावाले आणि फरसाणवाले माजले आहेत; ते गिऱ्हाइकाकडे धड बघत नाहीत, बिल देत नाहीत, खराब निघालेला पुडा परत घेत नाहीत, तेव्हा तालुक्याच्या गावी निघू लागलेली मोठी स्वयंसेवा दुकानेच त्यांना वठणीवर आणतील. दुसऱ्या बाजूला वाटते की गल्लीतला दुकानदार जगलाच पाहिजे, कारण अडीअडचणीला तोच उपयोगी पडतो. वाद चढला की पहिल्या बाजूचा एखादा मामा किंवा चुलतभाऊ मला साक्षीला बोलावतो : ‘तू तिकडे राहतोस, तूच सांग, तिकडे गिऱ्हाइकाला असे ताटकळत ठेवतात का?’ ठेवतात. मी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराजवळ राहतो, आणि आमच्या भागातल्या एका मोठ्या किराणा दुकानाच्या डेली काउंटरपुढे मी जितका ताटकळलो आहे, तितका जळगावच्या सुभाष चौकात भर सणातही ताटकळलेलो नाही.

डेली काउंटर म्हणजे खारवलेले आणि भाजलेले मांस, चीजचे मोठे ठोकळे आणि तयार सॅलड काचेआड मांडून, गिऱ्हाईक सांगेल तितके आणि सांगेल तसे कापून, तोलून देण्याची जागा. दुकानात बाकी सगळे आपण फडताळावरून उचलतो. ही उचलण्याची पद्धत क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ साली मेम्फिस शहरात काढलेल्या ‘पिगली विगली’ या दुकानापासून रुळत गेली. त्याआधी तिथलाही किराणावाला काउंटरमागे उभा राहून यादीप्रमाणे सामान काढून देत असे. आजच्या अमेरिकी दुकानात माणसाने माणसाला तोलून माल देण्याच्या ज्या थोड्या जागा शिल्लक आहेत, त्यांपैकी डेली ही एक, आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहते.

आमच्या घरात कोणी मांस खात नाही, परंतु मुलांच्या डब्यासाठी प्रोव्होलोन चीजच्या पातळ चकत्या लागतात, म्हणून मला त्या काउंटरवर जावे लागते. संध्याकाळी कामावरून परतताना गेलो तर बहुधा असे दृश्य असते : नंबराची चिठ्ठी देणारे यंत्र आहे, पण वरचा नंबराचा फलक बंद आहे, काउंटरमागे एकच मुलगी पाठमोरी उभी राहून प्लॅस्टिकचे डबे रचते आहे, काचेपुढे चार-पाच माणसे आहेत आणि आपल्याआधी कोण आले होते याचा हिशेब ज्याने त्याने मनात ठेवला आहे. तिने वळून पाहिले तरी नजर भिडू देत नाही. अखेर विचारले की उत्तर मिळते, ‘मशीन धुऊन ठेवले आहे’, जरी पाटीप्रमाणे काउंटर बंद व्हायला बराच वेळ असतो. मशीन चालू असेल त्या दिवशी, आधीचे मांस कापून झाल्यावर पाते पुसून मग चीज काप, अशी विनंती केली की ती सुस्कारा टाकून हातमोजे बदलते. अर्धा पाउंड मागितला तर काट्यावर पाऊण दिसतो आणि ती विचारते, ‘थोडे जास्त झाले, चालेल ना?’ कागदासारख्या पातळ मागितलेल्या चकत्या जाड आणि तुटक्या हातात पडतात. या सगळ्याच्या शेवटी मात्र ती न चुकता दिवस छान जाण्याची शुभेच्छा देते. गोड बोलणे आणि सेवा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो हे मी त्या काउंटरवर शिकलो.

माझे एक स्नेही अशाच एका दुकानाच्या डेलीत काही काळ नोकरीला होते. त्यांच्याशी बोलल्यावर या सुस्काऱ्यामागचे बरेच काही कळले. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना मांस कापण्याचे विजेवर चालणारे यंत्र चालवता येत नाही, इतकेच काय धुताही येत नाही, आणि त्यावर फक्त चीज कापायचे असले तरी हा नियम लागू होतो. त्यामुळे काउंटरमागे शाळकरी वयाची मुलगी एकटी असेल, तर ती सॅलड भरून देऊ शकते पण चीज कापू शकत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगायला तिला कोणी शिकवलेले नसते. सतत वापरातले यंत्र दर चार तासांनी तरी उघडून, धुऊन, निर्जंतुक करावे असे तिथली अन्नसुरक्षा संहिता सांगते. हे अगदी योग्य आहे, कारण थंडाव्यातही वाढणारा लिस्टेरिया हा जंतू अशाच पात्यांवरून पसरतो. परंतु ते सुटे भाग धुऊन पुन्हा बसवायला वेळ लागतो, आणि ज्याला ठरल्या वेळी हजेरीचे कार्ड मारून बाहेर पडायचे आहे, तो माणूस हे काम आधीच उरकून ठेवतो. त्यातच ऑनलाइन मागणी आली की ती ठरावीक वेळेत पुरी करण्याचे बंधन असते. काचेपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या वेळेचा हिशेब मात्र कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. संध्याकाळी दोन माणसे ठेवायची की एक, हे ठरवणारा त्या काउंटरवर कधीच उभा नसतो. मुलीवर रागावून उपयोग नाही हे कळते, आणि ज्याच्यावर रागवायचे तो सापडत नाही. ही चिडचिड मोठी विचित्र असते.

तरीही त्या काउंटरवर काही गोष्टी अशा आहेत की ज्यांचा मला हेवा वाटतो. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा असतो. डब्याचे वजन आधीच वजा केलेले असते. ओहायोत वजनमापांची तपासणी प्रत्येक काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, ऑडिटरकडे असते, त्यामुळे काट्यावर आणि पेट्रोल पंपावर त्या ऑडिटरच्या नावाचे चिकटपट्टीचे शिक्के दिसतात. छापील चिठ्ठीवर वजन, दर आणि एकूण किंमत असते. मी कोण, कुठला, माझे उच्चार कसे, यावरून यातले काहीही बदलत नाही. ती मुलगी माझ्याकडे दुर्लक्ष करते तेव्हा शेजारच्या गोऱ्या आजोबांकडेही तितकेच करते.

आता गावाकडच्या काउंटरकडे पाहू. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जळगावच्या एखाद्या नावाजलेल्या फरसाणाच्या दुकानासमोर उभे राहावे. रांग नसते, कोंडाळे असते. पुढच्याच्या खांद्यावरून नोटा धरलेले हात आत शिरतात, मागून कोणीतरी ‘अण्णा, पाव किलो तिखट शेव, पाव पापडी’ असे ओरडतो आणि अण्णा ज्याला ओळखतात त्याचा पुडा आधी बांधला जातो. लेकरू कडेवर घेतलेली बाई तशीच उभी राहते. ‘काय जोयजे?’ (काय हवे?) हा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिच्या मागून आलेले तिघे निघून गेलेले असतात. मग मिठाई तोलली जाते ती खोक्यासह, आणि जाड पुठ्ठ्याचा खोका काजूकतलीच्या भावाने विकला जातो. हे नियमबाह्य आहे हे दुकानदाराला ठाऊक असते आणि गिऱ्हाइकालाही. काटा मात्र अशा कोनात ठेवलेला असतो की आकडा वाचायला काउंटरवर ओणवे व्हावे लागते, आणि ओणवे होऊन आकडा वाचणे हा आपल्याकडे दुकानदाराचा अपमान समजला जातो.

यात ओळखीचा वाटा किती मोठा आहे, हे ज्याची ओळख आहे त्याला दिसत नाही. मलाही जळगावात असताना दिसण्याचे काही कारण नव्हते. चोपडा किंवा यावलच्या बाजारात सातपुड्यातून उतरलेली पावरा या आदिवासी समाजातली बाई तेल-मीठ घ्यायला उभी राहते तेव्हा तिला अरेतुरेचे बोलणे ऐकून घ्यावे लागते, तिने भाव विचारला तर तो पुन्हा सांगितला जात नाही, आणि बिल मागण्याचा तर प्रश्नच नसतो. त्याच दुकानात मास्तर आले की स्टूल पुढे सरकते. आपण ज्या आपुलकीचे गोडवे गातो ती खरीच असते, पण ती सर्वांना मिळत नाही. उधारीचेही असेच. कापूस विकला गेला की खाते मिटवायचे, या बोलीवर कित्येक घरांची चूल चालते आणि कोणतेही मोठे दुकान ही सोय देणार नाही. मात्र ज्याचे खाते चालू आहे त्याला काट्याकडे रोखून बघता येत नाही आणि डाळीत खडे निघाले तर तो ते निमूटपणे निवडतो.

एवढे सगळे खरे धरूनही मला त्या अण्णांच्या बाजूने एक गोष्ट सांगायची आहे, आणि वादात नेमकी तीच कोणी बोलत नाही. अण्णा मालक आहेत. शेव खवट निघाली आणि त्यांना पटले, तर ते कोणालाही न विचारता पुडा बदलून देतात. रात्री गल्लीत मयत झाली तर शटर अर्धे वर करून सामान काढून देतात आणि पैशांचा विषय काढत नाहीत. उद्या त्यांनी ठरवले की दिवाळीत दोन पोरे जास्त ठेवायची, तर ती संध्याकाळी हजर असतात. माझ्या काउंटरवरच्या मुलीला यांपैकी एकही गोष्ट करता येत नाही. पाटीवरची वेळ झालेली नसताना धुतलेले मशीन पुन्हा जोडण्याइतकाही अधिकार तिला आपला वाटत नाही. गावाकडे आपण मालकाच्या उर्मटपणावर चिडतो आणि त्यावर इलाज म्हणून मागतो तो काउंटर असा की जिथे मालकच नाही. तालुक्याच्या नव्या स्वयंसेवा दुकानात गणवेश घालून उभी असलेली, आसपासच्या खेड्यांतून आलेली बारावी झालेली पोरे मी पाहिली आहेत. ती नम्र आहेत, ‘सर’ म्हणतात, पण किड लागलेल्या रव्याचा पुडा पुढे केला की ‘मॅनेजर जेवायला गेले आहेत’ याखेरीज त्यांच्याजवळ उत्तर नसते. कोलंबसची ती मुलगी मला त्यांच्या चेहऱ्यांत आत्ताच दिसू लागली आहे.

आपल्याकडच्या कायद्यात उणीव आहे असेही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही गल्ल्यावरची पाटी सदोष मालाच्या बाबतीत निरर्थक आहे. राज्याचा वैधमापनशास्त्र विभाग काटे तपासून शिक्का मारतो आणि त्या तपासणीचे प्रमाणपत्र दुकानात दर्शनी लावायचे असते. सुट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खावी याची तारीख लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिंदुमाधव जोशी यांच्यासारख्या माणसांनी सत्तरच्या दशकात याच महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहकाच्या हक्कासाठी आपल्याला परदेशाकडे बघण्याची गरज कधीच नव्हती.

शिवाय सवयी बदलत नाहीत हेही मला मान्य नाही. सुटे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवण्याचा प्रकार कोणाच्या उपदेशाने कमी झाला नाही. क्यूआर कोडची पाटी गल्ल्यावर आली आणि तो वाद जवळजवळ मिटला, दुकानदाराच्या स्वभावात तसूभरही फरक न पडता. दवाखान्यात हाच दुकानदार नंबर लावून तासभर शांत बसतो. म्हणून कोणाचा स्वभाव कसा, यावर डोके फोडण्यापेक्षा काउंटरवर काय ठेवलेले आहे आणि कोणाच्या बाजूला वळवून ठेवलेले आहे, यावर भांडावे असे मला वाटते. आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा काटा, खोक्याचे वजन आधी वजा करणे, न मागता बिल आणि गर्दीच्या दिवसांत नंबराची चिठ्ठी, इतके मिळाले तरी पावरा बाईची आणि मास्तरांची पाव किलो शेव सारखी होईल, आणि अण्णाही जागेवर राहतील.

मागच्या खेपेला हे मी एका परिचयाच्या फरसाणवाल्याला बोलून दाखवले. त्याने पुडे बांधणे न थांबवता ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘नंबर लावा तं गिऱ्हाईक शेजारी पळी जाई.’ चिठ्ठीच्या बाबतीत त्याचे म्हणणे मला पटले. एकट्या दुकानाने दिवाळीत नंबर लावला तर घाई असलेले लोक समोरच्या दुकानात जातील, आणि त्यासाठी बाजारातल्या सगळ्या दुकानदारांनी एकत्र ठरवावे लागेल. काट्याचे विचारले तेव्हा तो म्हणाला की काउंटरवर जागा नाही. त्या काउंटरवर काट्याच्या पुढे, गिऱ्हाइकाच्या बाजूला, गुलकंदाच्या बरण्यांची एक ओळ होती. ती मागे घेतली असती तर काटा फिरला असता, आणि एवढ्यासाठी त्याला शेजाऱ्यालाही विचारावे लागले नसते.