जिनिव्हाच्या त्या ‘एकमता’ची गोष्ट

फेब्रुवारी उजाडला की एक पोस्ट आमच्या निदान तीन ग्रुपांवर येऊन पडते. 3 फेब्रुवारी ही डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांची जयंती, तेवढं निमित्त पुरतं. मग 31 मार्चला, आनंदीबाई जोशींच्या जयंतीला, तीच पोस्ट खालचा परिच्छेद वर आणून पुन्हा फिरते. मजकूर साधारण असा: ‘1847 साली अमेरिकेतल्या जिनिव्हा मेडिकल कॉलेजच्या दीडशे मुलांनी एकमताने एका मुलीला आपल्या वर्गात प्रवेश दिला. ती जगातली पहिली महिला डॉक्टर झाली. कॉलेजात तिला सन्मानाने वागवलं गेलं. तिच्यानंतर अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची दारं स्त्रियांना कायमची उघडली. म्हणूनच आनंदीबाई तिकडे गेल्या. इथे आपण मात्र त्यांच्यावर शेण फेकत होतो.’ खाली हात जोडलेले आणि एक दिवा.

आनंदीबाईंना इथे जे सोसावं लागलं त्यातलं काहीही मला सौम्य करायचं नाही. पण आपली लाज पुरेशी वाटावी म्हणून अमेरिकेचा इतिहास साखरेत घोळायची गरज नाही. शिवाय त्या साखरेत ब्लॅकवेलबाईंचे कष्टच बुडून जातात, आणि मला राग आहे तो त्याचाच.

आधी ते एकमत. (हे जिनिव्हा स्वित्झर्लंडमधलं नव्हे, न्यूयॉर्क राज्यातलं एक छोटं गाव. पोस्टबरोबर कधीकधी आल्प्स पर्वताचा फोटो असतो, म्हणून सांगितलं.) ब्लॅकवेलबाई मूळच्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या. वडिलांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. 1832 मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं, सहा वर्षांनी सिनसिनाटीला पोचल्यावर थोड्याच दिवसांत वडील गेले आणि घर मुलींच्या शिकवण्यांवर चालू लागलं. एका आजारी मैत्रिणीने त्यांना बोलून दाखवलं होतं की माझा इलाज करायला बाई असती तर निम्म्या यातना वाचल्या असत्या. शरीर, आजार यांचा बाईंना मुळात तिटकाराच होता, तरी ते वाक्य मनातून जाईना. दक्षिणेत मास्तरकी करून त्यांनी पैसे साठवले आणि 1847 मध्ये फिलाडेल्फिया गाठलं. तिथल्या आणि न्यूयॉर्कच्या कॉलेजांनी नकार दिला. हितचिंतकांचा सल्ला काय, तर पॅरिसला जा आणि पुरुषाचा वेश करून शिका. मग त्यांनी आडगावच्या डझनभर कॉलेजांना अर्ज पाठवले. त्यांतलं एक जिनिव्हा.

जिनिव्हाच्या प्राध्यापकांनाही बाई नकोच होती. पण शिफारसपत्र फिलाडेल्फियाच्या एका प्रतिष्ठित डॉक्टरांचं, त्यांना थेट नाही कसं म्हणायचं? म्हणून डीन चार्ल्स ली वर्गात आले, पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाले, निर्णय तुम्ही करा, मात्र एकानेही विरोध केला तर अर्ज फेटाळला जाईल. हिशोब सरळ होता. दीडशे टारगट पोरांत एक तरी ‘नाही’ म्हणेलच, आणि खापर आपल्या डोक्यावर फुटणार नाही.

पुढचं स्टीफन स्मिथ या त्याच वर्गातल्या विद्यार्थ्याने म्हातारपणी लिहून ठेवलं आहे. हे स्मिथ पुढे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक आरोग्याच्या कामातलं मोठं नाव झाले. पोरांना वाटलं, दुसऱ्या कॉलेजवाल्यांनी आपली फिरकी घेतली आहे. संध्याकाळी सभा भरली. स्त्रीशिक्षणावर एकाहून एक नाटकी भाषणं ठोकली गेली, टोप्या उडाल्या, आरोळ्या झाल्या. मत विचारल्यावर ‘हो’चा गजर झाला. ‘विरोधात कोणी?’ असं विचारताच कोपऱ्यातून एक बारीकसा ‘नाही’ ऐकू आला. सगळा वर्ग त्याच्यावर धावून गेला. ‘बदडा त्याला’, ‘टाळकं फोडा’ अशा गजरात त्याला ओढत व्यासपीठावर नेलं आणि ओरडून ‘हो’ म्हणायला लावलं.

हे ते एकमत! त्या खोलीत प्रश्न गंभीरपणे घेणारा बहुधा तो एकच प्राणी असावा, आणि तो विरोधात होता.

तरी गोष्ट इथे संपत नाही. थट्टेच्या भरात त्या पोरांनी ठराव मात्र नीट लिहिला. प्रजासत्ताकात स्त्री-पुरुष दोघांनाही शिक्षण मिळालं पाहिजे आणि आमच्या कुठल्याही वागण्याने या बाईंना पश्चात्तापाची वेळ येणार नाही, अशा अर्थाचा. ब्लॅकवेलबाईंना तो अस्सल वाटला. त्यांनी तो चर्मपत्रावर उतरवून घेतला आणि जन्मभर जपला. थट्टेने दिलेला शब्द त्यांनी शब्द म्हणूनच धरला. पोस्टवाल्याला एवढी चांगली गोष्ट सापडली होती आणि त्याने तिचं ‘एकमताने’ करून टाकलं.

‘जगातली पहिली महिला डॉक्टर’ हे फार ताणायला नको. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली स्त्री, 23 जानेवारी 1849, इतकं म्हणा. पदवीशिवाय रोगी तपासणाऱ्या बायका त्याआधी होत्याच. बॉस्टनच्या हॅरियट हंट 1835 पासून वैद्यकी करत होत्या.

‘कॉलेजात सन्मानाने वागवलं’ हे वाक्य मात्र अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. 6 नोव्हेंबर 1847 च्या रात्री त्या जिनिव्हात उतरल्या. वर्गात पाऊल टाकलं तेव्हा एरवी गोंधळ घालणारी पोरं एकदम चिडीचूप झाली आणि बरीचशी तशीच राहिली. हे खरं. पण गाव? रस्त्याने जाताना बायका थांबून न्याहाळायच्या, जत्रेतला प्राणी पाहावा तशा. जेवणाच्या टेबलावर एका डॉक्टरची बायको त्यांच्याशी शब्द बोलायची नाही. गावाचा निष्कर्ष पक्का होता: ही बाई एकतर वाईट चालीची असणार, नाहीतर वेडी, आणि वेड लवकरच बाहेर पडेल.

वर्गातला एक प्रसंग त्यांनी आठवणींत लिहिला आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या दालनात व्याख्यान चाललं होतं, त्या टिपणं काढत होत्या. वरच्या बाजूने घडी घातलेला एक कागद येऊन त्यांच्या हातावर पडला. पांढरी चिठ्ठी काळ्या बाहीवर. आत काहीतरी घाणेरडं असणार आणि सगळं दालन आपल्याकडे बघतंय, हे न बघता कळत होतं. त्या हलल्या नाहीत. वाक्य पूर्ण केलं. मग मागे न वळता हात सावकाश वर उचलला आणि कागद खाली जमिनीवर झटकला. टाळ्या पडल्या, चिठ्ठी टाकणाऱ्याची हुर्यो उडाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून स्वतःचा हात तसा वर करून पाहिला होता. करून बघा, पाठीमागे दीडशे पुरुष बसलेत असं समजून.

जननेंद्रियांच्या विच्छेदनाचा दिवस आला तेव्हा शरीररचनेचे प्राध्यापक वेब्स्टर यांनी सुचवलं की तुम्ही आज आला नाहीत तर बरं. हे वेब्स्टर त्यांच्या बाजूचे होते बरं का, शत्रू नव्हेत. बाईंनी पत्र लिहिलं: मी इथे विद्यार्थी म्हणून आले आहे, माझ्या असण्याने अडचण होत असेल तर मी मागच्या बाकावर बसते, पण वर्ग ठरवेल तरच बाहेर राहीन. वेब्स्टरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि मुलांनी त्यांना आत घेतलं. त्या दिवशीच्या रोजनिशीत नोंद आहे. काही मुलं लाजेने लाल झाली होती, हसू कोणालाच आवरत नव्हतं, आणि आपल्याला हसू फुटू नये म्हणून बाई स्वतःच्या हाताला रक्त यायच्या बेताला येईपर्यंत चिमटे काढत होत्या.

1848 च्या उन्हाळ्यात त्या फिलाडेल्फियाच्या ब्लॉकली या गरीबखान्याच्या दवाखान्यात काम करायला गेल्या. आयरिश स्थलांतरितांमध्ये टायफसची साथ होती, वॉर्ड ओसंडत होते. त्या वॉर्डात शिरल्या की तरुण निवासी डॉक्टर उठून निघून जायचे. प्रत्येक खाटेच्या उशाशी कार्ड असे, त्यावर निदान आणि औषध लिहायची पद्धत. या डॉक्टरांनी ते लिहिणं बंद केलं, म्हणजे बाईला काही शिकताच येऊ नये. खाट आहे, तापाने फणफणलेला रोगी आहे आणि कार्ड कोरं. याला छळ म्हणायला कोणी शेण फेकायला लागत नाही. त्याच टायफसवर बाईंनी प्रबंध लिहिला आणि तो पुढे बफलोच्या वैद्यकीय मासिकात छापून आला.

आता पोस्टमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य: ‘तिच्यानंतर दारं कायमची उघडली.’

दारं उघडली नाहीत, आपटून बंद झाली. पदवीदान समारंभात डीन लींनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं. ते भाषण छापून आलं तेव्हा खाली तळटीप होती, आणि तीत लींनीच म्हटलं होतं की स्त्रियांना प्रवेश देण्याच्या अडचणी इतक्या आहेत की पुढे मी त्याला विरोधच करेन. ब्लॅकवेलबाईंची धाकटी बहीण एमिलीने जिनिव्हाला अर्ज केला, तो नाकारला गेला. शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजने तिला 1852 मध्ये घेतलं, तर राज्याच्या वैद्यकीय संघटनेने कॉलेजलाच खडसावलं आणि दुसऱ्या वर्षी एमिलीला परत येऊ दिलं नाही. अखेर 1854 मध्ये क्लीव्हलंडला पदवी मिळाली.

हार्वर्डचं ऐका. 1850 मध्ये तिथे त्याच हॅरियट हंट आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष यांना प्रवेश मिळाला. विद्यार्थ्यांनी दोन्हींविरुद्ध ठराव केले. हंटबाईंना अर्ज मागे घ्यावा लागला, त्या तिघांना एका सत्रानंतर काढलं. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये स्त्रिया शिरल्या त्या 1945 मध्ये. म्हणजे ब्लॅकवेलबाईंच्या पदवीनंतर 96 वर्षांनी!

खुद्द ब्लॅकवेलबाईंचं काय झालं? पॅरिसच्या बाळंतपणाच्या रुग्णालयात, ला मातेर्नितेत, शिकताना एका बाळाचे पू आलेले डोळे धुताना पाणी त्यांच्या डोळ्यात उडालं आणि डावा डोळा गेला. सर्जन व्हायचं स्वप्नही गेलं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांना सगळे वॉर्ड मोकळे होते, फक्त स्त्रीरोगांचा सोडून! त्यावर काय बोलणार? 1851 मध्ये न्यूयॉर्कला परतल्या तर खोली भाड्याने मिळेना, कारण ‘फीमेल फिजिशियन’ म्हटलं की त्या शहरात लोकांना चोरून गर्भपात करणाऱ्या बाया आठवत. पत्रपेटीत निनावी घाणेरडी पत्रं यायची. रोगी नसल्याने व्याख्यानं द्यावी लागली. शेवटी त्यांनी स्वतःच घर घेतलं, आणि 12 मे 1857 ला ब्लीकर स्ट्रीटवर एमिली आणि डॉ. मारी झाक्रझेव्स्का यांच्यासह गरीब बायका-मुलांचं रुग्णालय काढलं. 1868 मध्ये त्याला जोडून बायकांचं मेडिकल कॉलेज.

म्हणजे दार कोणी उघडलं नाही. बायकांनी वेगळी भिंत बांधली आणि तिला स्वतःचं दार बसवलं. फिलाडेल्फियात 1850 मध्ये, बॉस्टनला त्याच सुमारास, मग न्यूयॉर्कमध्ये. पहिल्या कृष्णवर्णीय महिला डॉक्टर रिबेका ली (पुढच्या क्रम्प्लर) यांना 1864 मध्ये पदवी मिळाली तीही बॉस्टनच्या अशाच बायकांच्या कॉलेजातून. त्यांचं नाव या पोस्टमध्ये कधी दिसलेलं नाही.

आनंदीबाई गेल्या त्या फिलाडेल्फियाच्या याच बायकांच्या कॉलेजात. ते निवडलं ते काही अमेरिकेची सगळी दारं उघडी होती म्हणून नव्हे. आता त्या शहरातला एक दिवस बघा. 6 नोव्हेंबर 1869, ब्लॅकवेलबाई जिनिव्हात उतरल्या तीच तारीख, 22 वर्षांनी. या कॉलेजच्या मुलींना पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधल्या रोगीतपासणीच्या व्याख्यानाला पहिल्यांदाच बसायची परवानगी मिळाली होती. शेकडो पुरुष विद्यार्थ्यांनी हुल्लड केली. कागदाचे बोळे फेकले, शिट्ट्या, अचकटविचकट शेरे, आणि बाहेर पडताना मुलींच्या कपड्यांवर तंबाखूच्या पिचकाऱ्या. त्यानंतर शहरातल्या डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी निषेधपत्रक काढलं ते हुल्लडीविरुद्ध नाही, मुलींना पुरुषांबरोबर बसवण्याविरुद्ध. त्याला सडेतोड उत्तर दिलं कॉलेजच्या डीन अ‍ॅन प्रेस्टन यांनी. मुली पुन्हा व्याख्यानाला जाऊन बसल्या.

हा पिचकाऱ्यांचा दिवस आणि आनंदीबाईंचा प्रवेश यांत 14 वर्षांचं अंतर आहे. 11 मार्च 1886 ला त्यांना पदवी मिळाली तेव्हा डीन रेचल बॉडली होत्या आणि पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. थिओडोसिया कार्पेंटर या अमेरिकन बाईंनी आनंदीबाईंना न्यूजर्सीतल्या आपल्या घरी पोटच्या मुलीसारखं ठेवलं, हेही खरं. पण आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी पहिल्यांदा मदतीसाठी पत्र लिहिलं ते एका अमेरिकन मिशनऱ्याला, आणि त्यांनी धर्मांतर सुचवलं. ते पत्र छापून आलं, कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं, तिथून पुढचं घडलं. अमेरिकेने एक हात आखडता घेतला आणि दुसरा पुढे केला. दोन्ही हात अमेरिकेचेच.

एक सांगून ठेवतो, कारण हे लिहिलं की लगेच उलटा फॉरवर्ड तयार होतो: ‘बघा, तिकडेही असंच होतं, उगाच आपल्याला नावं ठेवता.’ फिलाडेल्फियातल्या पिचकाऱ्यांनी इथलं शेण धुतलं जात नाही. माझ्या नावावर ते खपवू नका.

आणि मूळ पोस्ट येत्या फेब्रुवारीत पाठवणारच असाल तर ‘एकमताने’ हा शब्द खुशाल ठेवा. फक्त त्यापुढे कंसात कोपऱ्यातल्या त्या पोराला कसं ओढत आणून ‘हो’ म्हणायला लावलं, ते टाका.