'रोस्टर बदलला म्हणजे टीम बुडाली': या मेसेजला वाक्यागणिक उत्तर

आमच्या देवगडच्या गेमिंग ग्रुपांवर गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्या भाच्याला तो एका दिवसात चौघांनी पाठवला. मजकूर असा (रोस्टर म्हणजे टीममधल्या खेळाडूंचा संच, चिकन डिनर म्हणजे मॅच जिंकणं): 'रोस्टर बदलला म्हणजे टीम बुडाली. स्टार गेला की मागे फक्त नाव उरतं. वेगवेगळ्या भाषांची पोरं एकत्र कधी जमत नाहीत. जुनी पोरं ठेवली असती तर आज ट्रॉफी हातात असती. पहिल्या दोन स्पर्धांत एकही चिकन डिनर नाही, अजून काय पुरावा हवा? नव्या पोरांना घरी पाठवा.'

मेसेज एका मोठ्या व्यावसायिक टीमला उद्देशून आहे. पण भाच्याच्या बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या गेमच्या स्क्वॉडमधले, म्हणजे चौघांच्या टीममधले, दोघे गणपतीनंतर नोकरीसाठी पुण्याला गेले आणि त्यांच्या जागी एक कणकवलीचा, एक रत्नागिरीचा असे दोघे नवे आले. पडवीत बसून त्या चौघांनी हा मेसेज वाचला आणि नवे दोघे एकदम गप्प झाले. ते मला बघवलं नाही, म्हणून हे लिहितोय.

'रोस्टर बदलला म्हणजे टीम बुडाली.' डोटा टू या पाच-पाच जणांच्या कॉम्प्युटर गेममधली ओजी ही टीम बघा. 2018च्या मे महिन्यात तिचा कर्णधार फ्लाय आणि एस-फोर हे दोघे एव्हिल जीनियसेस या प्रतिस्पर्धी टीममध्ये निघून गेले, तेही वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा तीन महिन्यांवर आलेली असताना. खेळायला माणूस नाही म्हणून कोच असलेला सेब स्वतः खुर्चीत बसला. आना विश्रांतीवरून परत आला. टॉपसन नावाचा फिनलंडचा पोरगा घेतला, ज्याला मोठ्या मंचावर खेळायचा अनुभवच नव्हता. थेट निमंत्रण मिळालं नाही, त्यामुळे खुल्या पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागली. त्याच टीमने ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला पीएसजी एलजीडीला 3-2 हरवून 'द इंटरनॅशनल' ही तीच मोठी स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी शांघायला त्याच पाच जणांनी ती पुन्हा जिंकली. लागोपाठ दोनदा ही स्पर्धा त्याआधी कोणीच जिंकली नव्हती.

'स्टार गेला की मागे फक्त नाव उरतं.' या वाक्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण लोकांना सगळ्यात पटतं ते हेच.

काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या कॉम्प्युटर गेममध्ये सिम्पलपेक्षा मोठा स्टार क्वचितच कोणी सांगेल. 2018, 2021 आणि 2022 अशी तीन वर्षं एचएलटीव्ही या काउंटर-स्ट्राइकच्या वेबसाइटच्या यादीत तो जगात पहिला होता. मेजर म्हणजे या गेममधली सगळ्यात मोठी स्पर्धा. 2021चा स्टॉकहोम मेजर त्याच्या नावी या युक्रेनी टीमने एकही मॅप, म्हणजे सामन्यातला एकही डाव, न गमावता जिंकला. मग उतरण लागली. 2023च्या मे महिन्यात पॅरिसच्या मेजरमध्ये नावी बाद फेरीतही पोचली नाही. टीमने जुन्यांपैकी बहुतेकांना सोडलं आणि फिनलंडचा अलेक्सिब, रोमानियाचा आयएम, लिथुआनियाचा जेएल असे तिघे आणले. पुढे सिम्पलनेही विश्रांती घेतली आणि त्याच्या जागी वंडरफुल नावाचा तरुण युक्रेनी पोरगा आला. स्टॉकहोमच्या पाच जणांतला मैदानात राहिला तो एकटा बिट.

तेव्हाही लोकांनी हेच म्हटलं होतं की नावी संपली, आता फक्त पिवळी जर्सी उरली.

31 मार्च 2024ला कोपनहेगन मेजरची फायनल फेझ टीमशी झाली. पहिला मॅप एन्शंट नावीने 13-9 घेतला. दुसरा मिराज, आणि त्यात ते 2-13 असे चिरडले गेले. मी भाच्याला हा स्कोअर मुद्दाम दाखवला. मेजरच्या फायनलमध्ये, भरलेल्या स्टेडियमसमोर, 2-13. आपल्या मेसेजवाल्याने तिथेच टीव्ही बंद केला असता. तिसऱ्या मॅपवर, इन्फर्नोवर, त्याच पाच जणांनी 13-3 ने सामना संपवला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला जेएल, म्हणजे वर्षभरापूर्वी नावीत नसलेला पोरगा.

'वेगवेगळ्या भाषांची पोरं एकत्र कधी जमत नाहीत.' कोपनहेगनच्या त्या पाच जणांच्या मातृभाषा चार. मैदानात बोलायचे ते इंग्रजी, जी पाचांपैकी एकाचीही घरची भाषा नाही.

आणि हे आम्ही किनाऱ्यावरच्या लोकांनी म्हणावं याचं मला जास्त वाईट वाटतं. माझ्या मामाचा ट्रॉलर आनंदवाडीला लागतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत खलाशी पांगतात, आणि ऑगस्टमध्ये होडीवर निम्मे चेहरे नवे असतात. कोणी नेपाळचा, कोणी कर्नाटकातला, तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मालवणी. पहिल्या आठवड्यात जाळं सोडताना गोंधळ होतोच. तांडेल आपल्या भाषेत ओरडतो आणि नेपाळी पोरगा भलताच दोर धरतो. मग दहा-बारा शब्द ठरतात. ओढ, सोड, थांब, उजवीकडे. तेवढ्या शब्दांवर सगळा हंगाम निघतो. पहिल्या आठवड्यात जाळं फाटलं म्हणून खलाशाला जेटीवर उतरवून देणारा मालक मी तरी पाहिलेला नाही.

भाच्याच्या स्क्वॉडमध्ये मी हे अगदी जवळून पाहिलं, आणि तिथे तर चौघांची भाषा मराठीच. कणकवलीचा पोरगा ओरडला, 'वरच्या घरात दोघे!' भाच्याने टेकडीवरच्या घराकडे बंदूक फिरवली, कारण आमच्याकडे वर म्हणजे चढाची बाजू. वरची वाडी, खालची वाडी असंच आम्ही बोलतो. त्या पोराच्या मनात मात्र मॅपवरची वरची बाजू होती, म्हणजे उत्तर. दोघे शत्रू तिकडून आले आणि अख्खा स्क्वॉड आडवा झाला. नेम सगळ्यांचा चांगला होता. चुकला तो एक शब्द. त्या रात्री त्यांनी ठरवलं की 'वर' आणि 'खाली' बंद, फक्त कंपासवरचा आकडा बोलायचा. आता 'तीनशे चाळीस, दोघे' म्हटलं की चारही बंदुका एकाच दिशेला वळतात. असे वीस-पंचवीस शब्द घासून गुळगुळीत व्हायला किती रात्री लागतात ते मोजा आणि मग नव्या रोस्टरचा निकाल लावा.

'जुनी पोरं ठेवली असती तर ट्रॉफी हातात असती.' लीग ऑफ लेजंड्स या गेममध्ये टीवन या कोरियन टीमने जुनी पोरं ठेवली. झ्यूस, ओनर, फेकर, गुमायुसी, केरिया. 2022च्या वसंत हंगामात साखळीत 18 पैकी 18 सामने जिंकून त्यांनी कोरियाची लीग मारली. त्यानंतर एमएसआय या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची फायनल हरले. कोरियाच्या लीगच्या पुढच्या तिन्ही फायनल जेनजीकडून हरले. 2022च्या विश्वचषकाची फायनल डीआरएक्सकडून 2-3 हरले. विश्वचषक हाती आला तो 2023च्या नोव्हेंबरमध्ये, सोलमध्ये. म्हणजे पाच जण कायम ठेवूनही वाट पाहावीच लागली. पुढे 2024च्या शेवटी झ्यूस गेला, डोरान आला, आणि 2025चाही विश्वचषक टीवननेच जिंकला.

मेसेजमध्ये खरं काही आहे का? आहे. टीवनला हरवणाऱ्या त्या डीआरएक्सचे पाचपैकी चार जण विजयानंतर निघून गेले, आणि 2023च्या विश्वचषकाला गतविजेते पात्रही ठरले नाहीत. बदल फसतात. पण ते फसले असं म्हणायला तिथे पूर्ण वर्ष गेलं होतं.

'पहिल्या दोन स्पर्धांत एकही चिकन डिनर नाही.' हे लिहिणाऱ्याने पॉइंट टेबल उघडलं होतं का? बीजीएमआयच्या एका मॅचमध्ये 16 टीम उतरतात आणि डिनर एकालाच मिळतं. पहिल्या नंबरला 10 गुण, मग 6, 5, 4, 3, 2, 1, 1, आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे शत्रू गारद केल्याला, एक. एक टीम एक मॅच जिंकते, 5 फिनिश घेते आणि पुढच्या मॅचमध्ये उतरताच गारद होते: 15 गुण. दुसरी टीम एकदा दुसरी येते 6 फिनिशसह, एकदा तिसरी येते 7 फिनिशसह: 24 गुण, आणि डिनर शून्य. शिवाय शेवटचा झोन, म्हणजे आकसत जाणारी सुरक्षित जागा, कुठे पडेल हे कोणाच्या हातात नसतं. नवी टीम बघायची तर मी तीन गोष्टी बघतो. पहिल्या पाच मिनिटांत कितीदा गारद होतात, झोनमध्ये शिरताना चौघे एकत्र असतात का, आणि एक पडला तर उरलेले तिघे पळतात की त्याच्यासाठी धूर टाकतात. या तीन गोष्टी आठवड्यागणिक सुधारत असतील तर डिनर मागून येतं.

'नव्या पोरांना घरी पाठवा.' अलेक्सिबला असंच पाठवलं होतं. 2019ला त्याने एन्स या फिनलंडच्या टीमला काटोवित्सेच्या मेजरमध्ये फायनलपर्यंत नेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टीमने त्याला काढलं. मग ओजीची काउंटर-स्ट्राइक टीम, जीटू, एनआयपी. प्रत्येक ठिकाणी त्याच्या कॉलिंगला, म्हणजे सामन्यात सूचना देण्याच्या पद्धतीला, नावं ठेवली गेली. 2023ला नावीने घेतलं तेव्हा हसणारे कमी नव्हते. कोपनहेगनला 2-13 नंतर हेडसेट लावून इन्फर्नोचे कॉल द्यायला बसला तो हाच.

रत्नागिरीच्या पोराला मी ही गोष्ट सांगितली. तो सतरा वर्षांचा आहे आणि स्क्वॉडचा आयजीएल, म्हणजे सामन्यात सूचना देणारा कर्णधार, व्हायला तयार नव्हता, हरलो तर नाव आपल्यावर येईल म्हणून. काल रात्री नऊच्या स्क्रिममध्ये, म्हणजे सरावाच्या सामन्यांत, पाचपैकी तीन मॅच त्यांनी लवकर गमावल्या. चौथ्या मॅचला पाऊस आला, रेंज गेली, पडवीतली लाइटही गेली. आल्यावर पाचव्याला त्यानेच माइक ओढून घेतला आणि म्हणाला, 'आता मी बोलतो, तुम्ही ऐका.'