हलक्या कानांसाठी जड हेडफोन

आयुष्यातला पहिला हेडफोन घ्यायला निघालाय, गाणीही ऐकायचीत आणि गेमही खेळायचेत, तर अगदी योग्य माणसाकडे आलात. तीन आठवड्यांपूर्वी मीही असाच निघालो होतो. सगळं रीतसर केलं. खोका पाहिला, खोक्यावरचे आकडे पाहिले, दिवे पाहिले, आणि एवढं पाहून शेवटी जो घ्यायचा नव्हता नेमका तोच उचलून आणला. आता हे शहाणपण एकट्याने भोगायचं म्हणजे स्वार्थीपणा झाला. म्हणून तुम्हालाही चार हिताच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कानांच्या नादी लागू नका. ऐकून हेडफोन घेणं हा जुनाट प्रकार झाला. हल्ली हेडफोन वाचून घेतात. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘५ हर्ट्झ ते ४०,००० हर्ट्झ’. हर्ट्झ हे सूर किती खालचा किंवा वरचा त्याचं माप. माणसाला ऐकू येतं साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत, तेही कोवळ्या वयात. पुढे वरचं टोक हळूहळू झिजत जातं. म्हणजे वरचे वीस हजार तुम्ही वटवाघळासाठी घेताय. घ्या बापडे, मुक्या प्राण्यांचाही विचार व्हायला हवा. फक्त एक विचारू नका, की या पाचपासून चाळीस हजारांपर्यंतच्या प्रवासात कुठला सूर किती डेसिबलने, म्हणजे आवाजाच्या मापाने, मोठा केलाय आणि कुठला किती दाबलाय. तो आकडा सोबत नसेल तर आधीच्या आकड्याला काडीचा अर्थ उरत नाही. आणि तो सोबत नसतोच.

ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर, ५० मिलिमीटरचाच बघा. ४० चा घेतलात तर चारचौघांत मान कशी वर करणार? कानात बसणाऱ्या इअरफोनमध्ये जेमतेम १० मिलिमीटरचा ड्रायव्हर असतो आणि तोही ढोलाचा ठोका झकास ऐकवतो, कारण कानाचं भोक घट्ट बंद झालं की खर्ज बाहेर सांडत नाही. पण ते सोडा. फळा मोठा म्हणजे शाळा चांगली, एवढं लक्षात ठेवा.

दिवे असलेलाच घ्या. डोक्यावर चढवल्यावर ते तुम्ही सोडून बाकी सगळ्यांना दिसतात.

आणि महागातला घ्या. २०१७ साली एक शोधनिबंध आला होता. २८३ हेडफोन यंत्रावर मोजले आणि किंमत वाढते तसा आवाजाचा तोल सुधारतो का ते पाहिलं. काही संबंध लागला नाही. मोजणाऱ्यांनी खोके नीट वाचले नसणार.

आता ७.१ कडे वळू. हा आकडा खोक्यावर नसेल तर तो गेमिंगचा हेडफोनच नव्हे. ७.१ म्हणजे खोलीत सभोवार सात स्पीकर आणि खर्जासाठी आठवा. हेडफोनमध्ये मात्र स्पीकर दोन, एका कानाला एक. मग उरलेले सहा कुठे गेले म्हणाल तर ते सॉफ्टवेअरमध्ये आहेत, श्रद्धा असेल त्याला ऐकू येतात. गंमत अशी की दिशा ओळखायला माणसाला दोन कान पुरतात. डावीकडचा आवाज उजव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी उशिराने पोचतो, कानाच्या पाळीच्या वळणांवर आपटून तो थोडा बदलतो, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू सांगतो की शत्रू जिन्यावर आहे. हे गणित गेम बनवणाऱ्यांना नीट ठाऊक असतं. काउंटर-स्ट्राइकसारख्या गोळीबाराच्या गेममध्ये ते आतच केलेलं आहे आणि साध्या दोन स्पीकरच्या हेडफोनसाठीच केलेलं आहे. त्याच्यावर तुम्ही खोक्यातलं ७.१ चालू केलंत की शिजलेलं परत शिजतं. पाऊल नेमकं कुठे पडलं ते कळत नाही, सगळीकडेच कुणीतरी चालत असल्याचा भास होतो. तुम्ही भिऊन चहूकडे गोळ्या झाडता. याला म्हणतात गुंगवून टाकणारा अनुभव. हेच बटण गाण्यावर दाबून बघा, गायिका थेट न्हाणीघरात जाऊन उभी राहते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं आपले जुने लोक म्हणून गेले. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं.

ओहमच्या भानगडीत पडू नका. हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं ते माप. तीनशे ओहमचा घ्या, फोनला लावा, आणि डास गुणगुणल्यासारखा आवाज आला की फोनला शिव्या घाला.

वजनदार बघा. हातात घेतल्यावर दगडासारखा लागला की माल दमदार. चारशे ग्रॅम दोन तास डोक्यावर ठेवलेत की मान आपोआप नम्र होते. चष्मा आहे? उत्तमच. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कानशील यांच्यामध्ये फट राहते आणि ज्या खर्जासाठी खिसा मोकळा केलात तो त्या फटीतून निघून जातो. गादी खोट्या चामड्याची असली म्हणजे दुधात साखर. काही महिन्यांत तिचे काळे पापुद्रे सुटून कानांवर, गालांवर, उशीवर पडायला लागतात. बदलून मिळेल का, हे आधी विचारू नका. बदलून मिळत नाही.

बिनवायरीचा घ्या, हे तर सांगायलाच नको. मीही घेतला. इथे जरा थांबून बोलावं लागेल.

पहिल्या संध्याकाळी गाणी ऐकली. खोटं कशाला बोलू, बरी वाजली. सतार डावीकडे, तबला उजवीकडे, मी मधोमध, तृप्त. मग गेम सुरू केला. फोनवरून मित्र म्हणाला, ‘अरे, माईक चालू कर.’ केला. आणि त्याच क्षणी सगळा आवाज विहिरीत पडला. गोळ्या पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारख्या वाजायला लागल्या, डावं-उजवं एक झालं, मित्र चंद्रावरून बोलत असावा तसा बोलायला लागला. माईक बंद केला, आवाज परत स्वच्छ. चालू केला, परत विहिरीत. मला वाटलं माझ्या कॉम्प्युटरचं काहीतरी बिनसलंय. दोन दिवस मी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं हेडफोन चालवणारं सॉफ्टवेअर, काढतोय आणि टाकतोय. सेटिंगच्या आत सेटिंग, त्याच्या आत आणखी एक सेटिंग, आणि तिथे एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात. एक ‘स्टिरिओ’, दुसरं ‘हँड्स-फ्री’. मग ग्राहकसेवेला फोन लावला. ‘सर, एकदा अनपेअर करून परत पेअर करून बघा.’ बघितलं. ‘सर, एकदा रिसेट करून बघा.’ बघितलं. ‘सर, फर्मवेअर अपडेट करून बघा.’ तेही बघितलं. चौथ्या फोनला त्या पोराने मला विचारलं, ‘सर, माईक लावणं गरजेचं आहे का?’

गरजेचं आहे का! खोक्यावर माईकचं चित्र काय मी काढलं होतं?

दोष माझ्या कॉम्प्युटरचा नव्हता आणि या एका हेडफोनचाही नव्हता. आजवरचं नेहमीचं ब्ल्यूटूथ चालतंच असं. गाण्यासाठी त्यात एकेरी रस्ता आहे, त्याला एटूडीपी म्हणतात, त्यावरून स्टिरिओ चांगला येतो. पण माईक उघडला की तो रस्ता बंद होतो आणि फोनवर बोलण्यासाठी केलेली जुनी दुहेरी पायवाट सुरू होते. तिच्यावरून मोनो येतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. त्याचे नमुने, म्हणजे आवाज क्षणाक्षणाला मोजून केलेल्या नोंदी, सेकंदाला घेतात १६,०००, जुन्या जोडणीत तर ८,०००. जितके नमुने त्याच्या निम्म्यापर्यंतचाच सूर पोचतो, म्हणजे फार तर ८,००० हर्ट्झ, नाहीतर ४,०००. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, तिच्यात सेकंदाला ४४,१०० नमुने होते. चाळीस वर्षांहून जुन्या तबकडीच्या मागे आहोत आपण, तेही डोक्यावर दिवे लावून. खोक्यावर चाळीस हजार हर्ट्झ आणि माईक लावला की आठ हजार! सात अधिक एक चॅनेल, आणि माईक लावला की एक! ज्या गेममध्ये डावीकडून आला की उजवीकडून, यावर जगणं-मरणं, तिथे मोनो! आणि नाव काय, तर ‘गेमिंग’!

वर उशीर आहेच. साध्या ब्ल्यूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागून येतो, कधी त्याहूनही जास्त. गाण्याला कळत नाही. गेममध्ये आधी तुम्ही मरता, मग गोळी ऐकू येते. यूएसबीत खोचायचा २.४ गिगाहर्ट्झचा छोटा रिसीव्हर ज्याच्यासोबत येतो त्या हेडफोनला हा त्रास जवळजवळ होत नाही, आणि माईकचं रडगाणंही नसतं. नवं ब्ल्यूटूथ एलई ऑडिओही हे बरंच सुधारतं, पण ते दोन्ही टोकांना लागतं, हेडफोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्येही. यातलं एक अक्षर माझ्या खोक्यावर नव्हतं. खोक्यावर होतं ‘अल्टिमेट गेमिंग मोड’. ते बटण दाबलं की दिवे लाल होतात.

हो, आवाज राहिला. तो पूर्ण वर ठेवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालेल, ९० ला मात्र ४ तासांच्या वर नको. कानाच्या आतल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. पण त्यांना खोका कुठे वाचता येतो? पुढेमागे कानात कायमची शिट्टी वाजायला लागली तर ते ७.१ चं राहिलेलं चॅनेल आलं असं समजा.

पुरे झालं. मला आता उपरोध सुचेना.

सरळ सांगतो. पहिल्यांदा घेताय ना, मग वायरचा साधा स्टिरिओ हेडफोन घ्या. ३२ ओहमच्या आसपासचा, म्हणजे फोनलाही लागेल आणि कॉम्प्युटरलाही. तीनशे ग्रॅमच्या आतला. वायर उपटून बदलता येते का बघा, गादी सुटी मिळते का बघा. घरात एकटे असाल तर जाळीच्या पाठीचा, ओपन-बॅक घ्या. गाण्याला मोकळीक मिळते, गेममध्ये अंतर कळतं. शेजारी कुणी झोपत असेल किंवा बाहेर कलकलाट असेल तर बंद पाठीचा. माईक वेगळा घ्या आणि तोंडाजवळ लावा. खर्ज कमी वाटला तर कॉम्प्युटरवर फुकटचा इक्वलायझर टाकून वाढवा, त्यासाठी नवीन खोका आणावा लागत नाही. सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन १९९७ साली आला. त्याची वायर सुटी होते, गादी सुटी होते, त्यावर एकही दिवा नाही, आणि लोक अजून तो डोक्यावर घालून बसलेले असतात. तो तीनशे ओहमचा आहे, तुमच्या फोनच्या ताकदीबाहेरचा, म्हणून तो घ्या असं म्हणत नाही. पण हेडफोन असा बनवता येतो, हे तेव्हाच ठाऊक होतं एवढंच सांगतोय.

आणि बनवणाऱ्यांनो, माईक चालू केल्यावर आवाजाचं काय होतं हे एक वाक्य छापायला शाई संपली होती का? ड्रॅगन छापायला होती. चार रंगांत होती. तुमच्या इंजिनिअरला हे माहीत असतं, नसतं फक्त त्या फोनवरच्या पोराला, कारण तुम्ही त्याला सांगतच नाही. त्याने बिचाऱ्याने माझ्या शिव्या खाल्ल्या, त्या तुमच्या होत्या.

आणि तुम्ही हो, घेणारे! तुम्हीही काही कमी नाही. दुकानात दोन मिनिटं कानाला लावून बघायला लाज वाटते. ऑनलाइन पाहताना वजन बघत नाही, परत करायची मुदत बघत नाही, पहिला प्रश्न विचारता, ‘दिवे बदलतात का?’ आणि मिळाल्यावर लगेच, खोका फोडता फोडता, पाच तारे देऊन मोकळे होता. ‘दिसायला मस्त, आवाज अजून ऐकला नाही.’ अरे, मग तारे कसले दिले? तुमचे ते तारे मोजूनच मी घेतला ना हा दगड.

परत करायची मुदत माझी ड्रायव्हर काढण्या-टाकण्यात गेली. काल खोक्याच्या तळाशी एक वायर सापडली. म्हटलं चला, ब्ल्यूटूथ नको, वायरने लावू. लावला. आवाज छान, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, उशीर नाही. मित्राला फोन केला, म्हटलं जमलं एकदाचं, बोल. तो बराच वेळ ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला. वायर लावली की यातला माईक बंद पडतो.