‘आधी जिम गाठा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मागच्या लेखावर ‘वज्रदेही’ या टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की छोटी, 7 इंची लोखंडी सळई नुसत्या हातांनी वाकवताना आधी मनगट, मग बाकी सगळं. छाती, खांदे, पाठ यांची एकूण ताकद मागून येते. यांचं म्हणणं, लेख नवख्यांची दिशाभूल करतो, ताकदवान माणूस या खेळात लवकर पुढे जातो, सळई मिटवताना, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना भिडवताना, शेवटी छातीच लागते, आणि पॅडबद्दल (हात सोलू नयेत म्हणून सळईभोवती गुंडाळतात त्या कापडाबद्दल) मी चकार शब्द काढलेला नाही. वर हे: “माझ्या ओळखीचा एक जण दीडशे किलो बेंच मारतो (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलतो), तो तुमची ही सळई पहिल्याच दिवशी घडी घालून खिशात ठेवेल. तुम्ही आधी जिम गाठा.”

वज्रदेही, नमस्कार.

मतभेदाचं मला वावडं नाही. इथे याआधीही लोकांनी माझे मुद्दे खोडून काढलेत आणि मी त्यांचे आभार मानलेत. पण ‘आधी जिम गाठा’ हे मत नव्हे, हा टोमणा आहे, आणि तोही तोंड न दाखवता मारलेला. माझ्या टाकी आणि नळाच्या उदाहरणाला तुम्ही ‘पाचवीच्या पुस्तकातलं’ म्हणालात. असेल. टाकी कितीही मोठी असली तरी पाणी नळाच्या तोटीएवढंच येतं, हे पाचवीतल्या पोराला कळतं. तुम्हालाही कळेल एवढीच माझी अपेक्षा होती.

एक गोष्ट मान्य करतो. ‘छाती विसरा’ हे शीर्षक जरा भडक होतं. शीर्षकं भडकच असतात, तरी मान्य.

आता त्या दीडशे किलोवाल्या गृहस्थांकडे वळू. बेंच प्रेसमध्ये बार कुठे टेकतो? तळव्याच्या बुडाशी, थेट हाताच्या हाडांच्या वर. वजन सरळ रेषेत कोपराकडे उतरतं. मनगट नीट ठेवलं की त्याच्यावर पिळवटणारा जोर जवळजवळ येतच नाही. डेडलिफ्टमध्येही, म्हणजे जमिनीवरून बार उचलताना, बोटं मिटलेली राहिली की झालं, मनगट नुसतं लोंबतं. म्हणजे माणूस वर्षानुवर्षं वजनं उचलतो आणि सळईला जे मनगट लागतं त्याची गाठ त्या व्यायामात पडतच नाही.

सळईत काय होतं ते बघा. 7 इंच म्हणजे जेमतेम 18 सेंटिमीटर. दोन मुठी शेजारी शेजारी आवळल्या की सळई संपली, तरफ करायला टोकं उरतच नाहीत. आयर्नमाइंड या कंपनीचा ‘रेड नेल’, म्हणजे या खेळातली कसोटीची सळई, याच लांबीचा, 5/16 इंच जाड, कोल्ड रोल्ड (थंड असतानाच लाटून कडक केलेल्या) स्टीलचा. अशा सळईचं स्टील 500 मेगापास्कल ताणाला नमतं, म्हणजे कायमचं वाकू लागतं, असं धरलं, तर ती मधोमध पुरती वाकवायला साधारण 42 न्यूटन-मीटरचा पीळ लागतो. हा सगळा पीळ प्रत्येक मुठीतून जायला हवा. मुठीची रुंदी 9 सेंटिमीटर धरा. मग मुठीच्या एका कडेला एका दिशेने आणि दुसऱ्या कडेला उलट दिशेने, सुमारे 48 किलोंइतका जोर पडतो. छाती आणि खांदे याहून कितीतरी जास्त जोर काढू शकतात, वादच नाही. पण तो सळईपर्यंत पोचण्याआधी मनगट वळलं, तर सळई सरळ राहते आणि माणूस वाकडा होतो.

शिवाय लागणारा जोर जाडीच्या घनाने वाढतो. पाव इंचावरून 5/16 वर गेलात, तर जाडी वाढते चौथ्या हिश्श्याने आणि जोर लागतो जवळपास दुप्पट. इथेच बेंचवाले अडकतात, कारण पाव इंच कशीबशी गेली की त्यांना वाटतं आपण पोचलो.

हे मी कुठून आणलं? जिमबाहेर बसून नाही, साहेब. मी बेंचवरूनच इकडे आलो. बऱ्यापैकी वजन मारत होतो आणि पाव इंची सळईला बाकसुद्धा पाडता येत नव्हता. पुढे खांदा दुखावला. बेंच बंद झाली, डिप्स बंद झाल्या. तेवढ्या काळात चालू राहिलं ते मनगटाचं काम, म्हणजे जड हातोडा दांड्याच्या टोकाला धरून सावकाश खाली-वर करणं, आणि खांद्याला झेपेल तेवढं रिव्हर्स पकडीने, म्हणजे नेहमीपेक्षा उलट्या पकडीने, वाकवणं. बेंचचा आकडा घसरला. सळया मात्र जाड होत गेल्या. तुम्ही म्हणाल हा एकट्याचा अनुभव. बरं, मग तुमच्या ‘ओळखीचा एक जण’ म्हणजे जनगणना आहे का?

एकटा नको असेल तर जो ग्रीनस्टाइन हा ताकदीचे खेळ करणारा घ्या, ‘मायटी अ‍ॅटम’ या नावाने गाजलेला (1893–1977). उंची सुमारे 5 फूट 4 इंच, वजन साधारण 64 किलो. नाल आणि सळया वाकवण्यावर या माणसाने अख्खं आयुष्य काढलं. किंवा अलेक्झांडर झास हा रशियन ताकदवीर घ्या (1888–1962). तोही धिप्पाड नव्हता. पहिल्या महायुद्धात कैदेत असताना तो साखळ्या आणि गज ताणून व्यायाम करायचा, आणि पुढे त्यातूनच त्याने आपली व्यायामपद्धती उभी केली. या दोघांनाही ‘आधी जिम गाठा’ असं सांगायला तुम्ही कमी केलं नसतं, अशी मला शंका आहे.

राहिलेले मुद्दे. टोकं मिटवताना छाती लागते: हो, लागते, आणि ते मूळ लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे, तिथपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं. मांसल माणूस लवकर पुढे जातो: जात असेल, मनगट तयार झाल्यावर. स्नायूंपेक्षा स्नायुबंध सावकाश तयार होतात, म्हणून अशाच माणसांची कोपरं आधी दुखू लागतात, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पॅड हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळा लेख येईल.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना मनापासून निमंत्रण. 5/16 जाड, 7 इंच लांब, कोल्ड रोल्ड, डबल ओव्हरहँड (दोन्ही तळवे खाली), सळई हनुवटीखाली धरून. व्हिडिओ टाका, मी स्वतः इथे लावीन. फक्त सुरुवातीला सळईशेजारी मोजपट्टी धरा आणि जाडी कॅलिपरने दाखवा. सात म्हणून दहा इंची सळई वाकवणारे मी पाहिलेत, आणि त्या जादा तीन इंचांत टोकं मुठीबाहेर येतात, म्हणजे तरफ फुकट मिळते. आणि हो, सळई मांडीवर टेकवायची नाही.