खुलासा: पडद्यावर शून्य आलं म्हणजे डिटेक्टर ठीक, असं नव्हे

ड्रेनेज आणि सेप्टिक टँकच्या कामांबाबत एक संदेश फिरतो आहे: गॅस डिटेक्टर मोकळ्या हवेत चालू करा, शून्य आलं की खुशाल उतरा. हे चूक आहे. हायड्रोजन सल्फाइडचा (गटारात सुटणाऱ्या विषारी वायूचा) सेन्सर निकामी झाला किंवा त्याची जाळी चिखलाने बुजली, तरी पडदा शून्यच दाखवतो. सेन्सर जिवंत आहे का, हे फक्त गॅस दिल्यावरच कळतं. म्हणून रोज कामाआधी बंप टेस्ट करायची: सिलिंडरमधला ठरावीक गॅस, समजा 25 पीपीएम (दहा लाख भागांत 25 भाग), सेन्सरवर बसवलेल्या टोपीतून काही सेकंद सोडायचा, आकडा चढून अलार्म वाजला पाहिजे. नाही वाजला, तर कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक प्रमाणाचा गॅस देऊन आकडा जुळवून घेणं. तेही जमलं नाही, तर सेन्सर बदला. सिलिंडरची मुदतही बघा, जुना गॅस विरतो.

लायटरचा गॅस मारून तपासणं हा तर शुद्ध आडमुठेपणा. त्याने विषारी वायूच्या सेन्सरबद्दल काहीच कळत नाही, उलट ज्वलनशील वायूचा सेन्सर बिघडू शकतो. सिलिकॉन स्प्रेनेही तो मरतो.

आणि झाकणापाशी एकदा मोजून भागत नाही. वर, मध्ये, तळाशी मोजा. खालची हवा डिटेक्टरपर्यंत ओढणारी नळी लांब असेल तर आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. गाळ ढवळला की वायू नव्याने सुटतो, त्यामुळे काम संपेपर्यंत डिटेक्टर छातीवर चालूच हवा.