ग्राउंडचे मार्क आणि सैनिकाचं काम

‘ग्राउंडला पहिला तोच रणात पहिला’ अशा मथळ्याची एक पोस्ट सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपांवर फिरते आहे. ग्राउंड म्हणजे भरतीतली मैदानी चाचणी. पोस्टमध्ये पाच मुद्दे आहेत. ती वाचून माझ्या भाचीने रात्रीचं जेवण बंद केलं, म्हणून हे लिहायला बसले.

पहिला मुद्दा: चाचणीत मार्क जितके जास्त तितका सैनिक सरस. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने का होईना मान्य करते. 2017 साली ‘ऑक्युपेशनल अँड एन्व्हायर्नमेंटल मेडिसिन’ या नियतकालिकात एक मोठा आढावा छापून आला. ओझं घेऊन चालणं, पेट्या उचलणं, जखमीला ओढून नेणं ही सैनिकांची कामं आणि फिटनेस चाचण्या यांचा मेळ किती बसतो, हे त्यात अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून तपासलं होतं. धावण्यासारख्या दमाच्या चाचण्यांचा मेळ सगळ्यांत चांगला बसला. म्हणजे धावायलाच हवं. पण त्या आढाव्यात मोजली ती अंगमेहनतीची कामं. नेमबाजी, नकाशा वाचणं, घाबरलेल्या साथीदाराला सांभाळणं यातलं काहीच धावण्याच्या वेळेवरून कळत नाही.

दुसरा मुद्दा, सिट-अप्स हा सैनिकाचा कणा. त्याच आढाव्यात सिट-अप्स आणि लवचीकतेच्या चाचण्या सगळ्यांत कमकुवत ठरल्या. अमेरिकी लष्कराने 1980 पासून चालवलेली पुश-अप्स, सिट-अप्स आणि दोन मैल धावण्याची चाचणी पुढे बदलली आणि सिट-अप्स काढून टाकल्या. त्या जागी आणलेला, दांड्याला लटकून पाय वर ओढण्याचा प्रकारही 2022 मध्ये वगळला.

आता तिसरा मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं. ‘वजन हाच शत्रू. चाचणीआधी रात्रीचं जेवण सोडा, पाणी कमी प्या, काटा खाली आणा.’

अंगावर फाजील चरबी असेल तर ती कमी झाल्यावर धावणं सुधारतं, हे खरं. पण सडपातळ पोरीने उपाशी राहून काय कमी होणार? पाणी आणि स्नायू. ग्राउंडवर आपण फक्त स्वतःचं शरीर घेऊन पळतो, पुश-अप्समध्येही स्वतःचंच वजन उचलतो, म्हणून तिथे हलक्या माणसाला फायदा मिळतो. नोकरीत पाठीवरचं ओझं कोणाचं वजन बघून भरत नाहीत. 25 किलोचं ओझं 72 किलोच्या माणसाला त्याच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पडतं, 48 किलोच्या मुलीला निम्म्याहून जास्त. तिने आणखी तीन किलो घटवले तर ओझं 25 किलोच राहतं, ते वाहणारे स्नायू तेवढे कमी होतात. अमेरिकी संशोधक पॉल व्हँडरबर्ग यांनी नेमकं हेच मांडलंय: लष्करी चाचण्या धिप्पाड सैनिकांना अन्यायाने कमी गुण देतात, आणि ओझं वाहायची वेळ आली की तेच सैनिक सरस ठरतात.

आणि हाडांचं काय? कसून रनिंग चालू असताना पोटात पुरेसं गेलं नाही, तर मुलींची पाळी अनियमित होते, कधी थांबते. हाडांना रोज बसणारा मार भरून निघत नाही आणि नडगीला बारीक तडा जातो, ज्याला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. प्रशिक्षणात तो मुलांपेक्षा मुलींना जास्त होतो, हे लष्करी डॉक्टरांना फार आधीपासून माहीत आहे. असा सल्ला शेकडो मुलींना पाठवताना एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही?

चौथा मुद्दा त्याचाच भाऊ: ‘दुखलं तरी थांबू नका, जितकं जास्त धावाल तितके तयार व्हाल.’ अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाने 1990 च्या दशकात नवशिक्यांचं धावण्याचं अंतर सुमारे 40 टक्क्यांनी कमी करून पाहिलं. स्ट्रेस फ्रॅक्चर जवळपास निम्म्यावर आले, आणि शेवटच्या तीन मैलांच्या वेळेत फरक पडला तो अगदी किरकोळ. नडगीत एकाच जागी बोटाने दाबलं की दुखत असेल तर रनिंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पाचवा, मुलींना वेगळे निकष म्हणजे फुकटची सूट. वय आणि लिंग बघून लावलेले निकष एकूण तंदुरुस्ती मोजतात. त्या व्यक्तीने शरीर किती कमावलंय, एवढंच त्यातून कळतं. एखादं काम जमेल की नाही हे ठरवणारी चाचणी वेगळी असते आणि तिथे निकष सगळ्यांना सारखा ठेवतात. ब्रिटिश लष्कराने 2019 पासून थेट लढाईच्या पदांसाठी अशीच चाचणी लावली आहे. 40 किलो घेऊन चार किलोमीटर चालणं आणि 110 किलोचं वजन ओढणं स्त्रियांनाही आहे, पुरुषांनाही. पोस्ट लिहिणाऱ्याने या दोन चाचण्यांची सरमिसळ केली आणि वर मुलींना नावं ठेवली.